कडीवरचं मिग

बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बायकोला नवऱ्याने फोनवर सांगावं, "घरी ये, एक सरप्राइज आहे," आणि तिने ते खरं मानावं, यात दोघांपैकी जास्त वेडं कोण हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मानलं. टोकावड्याला आईच्या ओटीवर बसून लेकीला तेल लावता लावता मी त्या सरप्राइजला रोज नवं रूप द्यायची. कधी ते खिडकीची जाळी असायचं, कधी कूलर. एकदा अंगात ताप होता तेव्हा मी त्याचं वॉशिंग मशीनसुद्धा करून टाकलं.

भातकापणी लागायच्या आत आम्हाला पोचवायचं म्हणून माझ्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, गावातली इको ठरवली आणि टपावर पाळणा बांधला. आमच्यात पहिल्या बाळाचा पाळणा माहेरचा. दादांनी तो मुरबाडच्या सुताराकडून करवून घेतला होता, लाल-हिरव्या कातीव दांड्यांचा, चार साखळ्यांचा, साखळ्यांना घुंगरू. सरळगाव, किन्हवली करत शहापूरकडे येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला टपावर घुंगरू वाजायचे आणि दादा म्हणायचे, "वाजतोय नाय? वाजू दे. वाजतोय तवर समजायचं, हाय वर."

दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मी लेकीला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि वर पाहिलं.

आमच्या खोलीच्या स्लॅबला एक लोखंडी कडी आहे. स्लॅब ओतायच्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः उभं राहून ती सळईला बांधून घेतली होती, नातवंडांच्या पाळण्यासाठी. अक्षय तेव्हा शाळेत होता. मुलाला मिसरूड फुटायच्या आधी ज्या माणसाने नातवंडाच्या झोपेची सोय केली, त्याच्या पोटी असा मुलगा कसा आला, हा प्रश्न मी देवापुढे बऱ्याचदा ठेवलाय.

त्या कडीला विमान टांगलेलं होतं.

फूटभर लांब, राखाडी, टोकदार. तोंडाशी भोक, भोकात सुळका. मासे धरायच्या गळाच्या नायलॉनने तीन ठिकाणी बांधलेलं. नाक जरा वर, शेपूट जरा खाली, जणू आता आमच्या खिडकीतून निघून भातसाच्या धरणावर एक घिरटी मारून येणार.

"मिग ट्वेंटीवन," अक्षय म्हणाला. लेकीचं नावसुद्धा त्याने एवढ्या मायेने घेतलं नसतं. अर्थात, तिला अजून नाव नव्हतं. "आपल्या एअरफोर्सचं पहिलं सुपरसॉनिक. आत्ता सप्टेंबरात रिटायर झालं. ही लिमिटेड एडिशन आहे. डायकास्ट, पूर्ण मेटल. एकास अठ्ठेचाळीस स्केल."

"आणि पाळणा?"

दादा आणि इकोचा ड्रायव्हर दोन बाजूंनी पाळणा धरून दारात उभे होते. न कळवता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं अक्षयने पाळण्याकडे बघितलं.

"पाळण्याचं बघू," तो म्हणाला.

आमच्या घरात 'बघू' कशाला म्हणतात ते मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मोरीचा नळ गळतो, बघू. गॅसची शेगडी एका बाजूने पेटत नाही, बघू. मात्र विमानाचं नाक खिडकीच्या रेषेत आणायला त्याने सुट्टी टाकली होती, असं सासऱ्यांनी मला नंतर सांगितलं.

दादांनी पाळणा कोपऱ्यात टेकवला. जावयाच्या घरात ते बोलत नाहीत. चहा पिताना तेवढं म्हणाले, "विमान चांगलं हाय," आणि परत जाताना माझ्याकडे न बघता इकोत बसले.

मी पाळणा जरा सरळ करायला गेले तर सासूबाई ओरडल्याच. "हलवू नको गो! रिकामा पाळणा हलवायचा नसतो. पोराला बरं नाय." त्यांनी त्यावर जुनी चादर टाकली. मग तो पाळणा कोपऱ्यात मुका होऊन बसला आणि माझा हात पाळणा झाला. लेकीला माहेरी झोळीची सवय लागलेली. हलल्याशिवाय तिला झोप नाही. मी तिला घेऊन खोलीत फेऱ्या घालायची, वर ते ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं विमान एका जागी लटकलेलं असायचं.

आणि त्याचे नियम होते. पंखा दोनच्या वर करायचा नाही, कारण तीनवर विमान डुलतं आणि पेंट घासतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात लेकीच्या मानेला घामोळं उठलं, पण मिगला वारा लागता कामा नये. फोडणी देताना खोलीचं दार बंद करायचं, कारण तेलकट धूर. विमान पुसताना अक्षय पांढरे सुती हातमोजे घालायचा. लेकीला भेट आलेल्या सेटमधला जावळाचा मऊ ब्रश दोन दिवस मिळेना. तो मला सापडला तेव्हा मिगच्या उजव्या पंखावरून फिरत होता.

"हा बाळाचा आहे," मी म्हटलं.

"अगं, एवढे मऊ केस दुसऱ्या ब्रशला नसतात."

"बाळाच्या डोक्यालाही तेच लागतात."

त्याने ब्रश दिला. लेकीला मात्र घेतलं नाही. द्यायला गेले की म्हणायचा, "मान धरत नाय अजून ती. मला भीती वाटते." लेक मान धरून, डोळे वटारून, त्याच्याकडे बघत असायची. विमान उतरवताना त्याचे हात बघावेत. एक तळवा पोटाखाली, दुसरा शेपटीमागे, श्वास रोखलेला. हे ज्याला जमतं त्याला लेकरू घ्यायला कसली भीती?

माणसं बाळ बघायला यायची, झबलं-टोपडं ठेवायची, आणि मग अक्षय त्यांना विमान दाखवायचा. बाळाजवळ त्यांचा जेवढा वेळ जायचा त्याच्या दुप्पट विमानाजवळ. त्यातही ध्वनीच्या वेगाचाच हिशोब असावा.

सासरे भातसानगरला धरणाच्या कामावरून निवृत्त झालेत. ते ओटीवरून टोमणे मारायचे. "मी जन्म काढला धरणावर. पण धरणाचं मॉडेल करून घरात नाय मांडलं. गळलं असतं."

"बाबा, हा इतिहास आहे," अक्षय म्हणायचा.

"मग पुस्तकात ठेव. माझ्या कडीला कशाला?"

सासूबाई लेकाच्या बाजूने. "असू दे हो. दारू पीत नाय, पत्ते खेळत नाय. विमानच टांगलंय." नवऱ्याची लायकी तो काय करत नाही यावरून मोजायची ही रीत मला कधीच समजलेली नाही. त्या हिशोबाने कोपऱ्यातलं कपाटसुद्धा उत्तम नवरा.

बारसं राहिलं होतं. लेक झाली तेव्हा लावणीचे दिवस, माणूस मिळेना, म्हणून ते सासरी करायचं ठरलेलं. अक्षयने नावही सुचवलं होतं, 'मिगांशी'. हल्ली कशालाही मागे 'अंशी' लावलं की नाव होतं हे खरं, पण मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो विषय परत काढला नाही. नाव मी ठरवलं, मनस्वी. नावावर मी भांडले नाही, कारण मला भांडण कडीसाठी राखून ठेवायचं होतं.

"रविवारी बारसं आहे," खोलीत आम्ही दोघंच असताना मी त्याला म्हटलं. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते. एकांतात नावाने बोलते आणि रागात असले की नावही गाळते. "पाळणा त्या कडीला टांगायचा आहे."

"रविवारी सुरज येतोय."

"बारशाला?"

"फोटोला."

सुरज म्हणजे त्यांच्या 'ठाणे जिल्हा डायकास्ट परिवार' ह्या ग्रुपचा मुख्य. हा परिवार मोबाइलवर दिवाळी विशेषांक काढतो, आणि यंदा मुखपृष्ठावर अक्षयचं मिग येणार होतं, हवेत तरंगत असलेलं, कडीला. ज्या माणसाच्या लग्नाच्या अल्बममध्ये फोटोग्राफरने अर्ध्या फोटोंत त्याचं डोकं कापलंय, त्याला मुखपृष्ठाचं एवढं अप्रूप असणारच. मला कीवही आली. पण लेकीला घेऊन माझा खांदा भरून आलेला असताना कीव फार वेळ टिकत नाही.

"मंडपवाल्याकडून स्टँडचा पाळणा आणतो ना भाड्याने," तो म्हणाला. "फुलंबिलं लावलेला असतो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तुझ्यासाठी एका दिवसाचा. तिला रोज झोपायचं असतं."

"दिपिका, एकदा उतरवलं की परत तसं अलाइन होत नाय गं."

"आणि बाळाच्या डोक्यावर हे लोखंड लटकतंय त्याचं काय?"

"लोखंड नाय, झिंकचं आहे. आणि ते नायलॉन पाच किलोच्या माशाला तुटत नाय."

मी लेकीला उचललं आणि फेऱ्या सुरू केल्या. पण मनात एक ठाम होतं. या घरात तिचं नाव कानात पडेल तेव्हा ती तिच्या आजोबांनी बांधून घेतलेल्या कडीखाली, तिच्या दुसऱ्या आजोबांनी आणलेल्या पाळण्यात असली पाहिजे. नावाच्या पहिल्याच दिवशी जिला भाड्याच्या जागेत निजवलं, तिला पुढे हे घर आपलं कसं वाटणार?

रविवारी सकाळी अक्षय सुरजला आणायला मोटरसायकलने शहापूरच्या एसटी स्टँडला गेला, आणि तो गेल्यावर थोड्याच वेळात बाईजाआत्या आल्या. या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, डोळखांबच्या. अक्षयला बहीण नाही म्हणून लेकीच्या कानात नाव सांगायचा मान यांचा. अंगणात पाय धुतानाच त्यांनी अर्ध्या गावाची खबर घेतली, मग आत येऊन भाड्याचा पाळणा बघितला. लोखंडी स्टँड, प्लास्टिकची फुलं, एक चाक गायब. आत्यांनी तो एका बोटाने ढकलला. तो घाटात ब्रेक मारलेल्या एसटीसारखा किंचाळला.

"ह्याच्यात पोर घालनार?" आत्या म्हणाल्या. "ह्याच्यात मी कांदे नाय घालनार."

"अक्षयने आणलाय," सासूबाई पुटपुटल्या.

"आनि कडी काय झाली? गेली स्लॅबात?" म्हणत त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अगो, चिमणाळं तं टांगलंय! मंग पाळना कुठं हाय?"

चिमणाळं म्हणजे पाळण्यावर लटकवतात तो कापडी चिमण्यांचा झुबका. पाळण्याच्या कडीला पंख असलेलं जे काही लटकतं ते चिमणाळं. तिथे दुसरं काही लटकू शकतं, ही गोष्ट आत्यांच्या जगात अजून पोचलेली नव्हती.

"एकच चिमनी हाय, आनि चोच लई मोटी," त्या निरखत म्हणाल्या. "पन बरी हाय. कुनी टांगली?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे. चूक सुधारायला मी तोंड उघडलंच होतं.

"बापाने, आत्या," मी म्हटलं. "लेक घरी यायच्या आधीच टांगून ठेवली."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"अक्षयानं?" आत्यांनी तोंडावर हात ठेवला. "बग गो काशे, तुजा पोरगा! आनि तू सांगत फिरतस का त्याला घरातलं काय सुचत नाय."

सासूबाईंच्या तोंडावर जे पसरलं ते मी पहिल्यांदा बघत होते. लेकाचं कौतुक त्यांनी आयुष्यभर स्वतःच केलेलं, दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि कडीला लावायला तेलाची वाटी घेऊन आल्या.

"मंग बघतस काय?" आत्या सासऱ्यांवर ओरडल्या. "चिमणाळं पाळन्याला लागतं का स्लॅबाला? उतरव ते!"

सासरे मला वाटतं कधीचे स्टूल हातात घेऊनच उभे होते. पाच किलोच्या माशाला न तुटणारं नायलॉन भाजीच्या सुरीने तीन फटक्यांत तुटलं. कोपऱ्यातली चादर मी स्वतः ओढली. साखळ्या कडीत बसल्या, घुंगरू वाजले, आणि मला दादा आठवले. वाजतोय तवर समजायचं, हाय वर.

आत्यांनी कडीला तेल लावलं. पाळण्याला हळद-कुंकू लावलं. मग मिग मांडीवर घेऊन त्याच्या नाकाच्या सुळक्यालाही हळद-कुंकू लावलं, पंखांना लावलं, शेपटीवरच्या आकड्यांना लावलं. जुन्या नऊवारीचा काठ फाडून त्याने विमान पाळण्याच्या पायथ्याकडच्या दांडीला आवळून बांधलं आणि दृष्ट लागू नये म्हणून खाली काळ्या दोऱ्यात एक बिब्बा लटकवला. मिगने आजवर काय काय वाहून नेलं असेल ते असेल, बिब्बा पहिल्यांदाच.

बायका जमल्या. लेकीला पाळण्यात घातलं, आत्यांनी कानात नाव सांगितलं, बायकांनी आत्यांच्या पाठीत धपाटे घातले. मनस्वी वर बघत होती. तिच्या पायांकडे काहीतरी राखाडी, कुंकवाने माखलेलं, डुलत होतं. चार झोके झाले आणि ती झोपली. इतक्या सहज की मला माझ्या खांद्याचा रागच आला.

तेवढ्यात मोटरसायकल आली.

सुरज मुरबाडचा. कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो, आणि रविवारी तेच हौसेने करतो. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, काखेत तिपाई, खिशात भिंग. त्याने खोलीच्या दारातून आधी कडीकडे बघितलं, मग साखळ्यांवरून नजर खाली आली. त्याच्यामागे अक्षय. अक्षयचं तोंड उघडं राहिलं ते मिटायलाच विसरलं.

"कुंकू?" सुरज म्हणाला.

तो चपला काढून आत आला, वाकला, भिंग लावलं. भिंगापासून वितीवर माझी लेक झोपली होती. तिच्याकडे त्याने चुकूनही बघितलं नाही.

"नोजकोनला आहे. पॅनल लाइनच्या रेघांत उतरलंय. निघणार नाय."

"ओल्या कपड्याने—" अक्षय म्हणाला.

"येडा झालास? डेकल जातील, ते शेपटीवरचे आकडे." सुरजने सुस्कारा सोडला. "बॉक्स तरी आहे ना? बॉक्स असेल तर थोडीफार व्हॅल्यू राहते."

"बॉक्स आहे," अक्षयच्या जिवात जीव आला. "आई, तो बॉक्स कुठाय? फोमचा?"

सासूबाई आतून आनंदाने म्हणाल्या, "तो काय, माझ्याकडं हाय! घुगऱ्या काढून ठेवल्यात त्यात वाटायच्या. आत खड्डा बरा मापाचा हाय रे."

त्यांनी बॉक्स आणून पुढे धरला. फोममध्ये विमानाच्या आकाराचा खळगा होता. त्यात पंखापासून शेपटीपर्यंत वाफाळत्या घुगऱ्या भरलेल्या.

सुरज सरळ उभा राहिला. निकाल द्यावा तसा म्हणाला, "अक्षय, सॉरी. आता हे कलेक्टिबल नाय राहिलं. हे आता खेळणं झालं."

"मंग ते काय व्हतं?" आत्यांनी विचारलं.

बायका खो खो हसल्या. अक्षय लाल झाला आणि पाळण्याकडे सरसावला. "मी काढतो ते. आत्ता काढतो."

"हां!" आत्यांचा हात आडवा आला. "पोर निजलीय. हात लावू नको."

मग सगळे लेक उठायची वाट बघत बसले. सुरजने खळग्यातल्या घुगऱ्या खाल्ल्या आणि चांगल्या झाल्यात म्हणाला. लेक उठली, मी तिला पाजायला घेतलं, अक्षय परत पुढे झाला.

"रिकामा पाळना हालल!" या वेळी सासूबाई आणि आत्या एकदम ओरडल्या.

"नुसती गाठ सोडतो."

"ती गाठ मी मारलीय," आत्या म्हणाल्या. "पाळना न हलवता सोडून दाखव."

"आत्या, मेटल आहे ते. बाळाच्या अंगावर पडलं तर?"

"आता आठवलं बाळ," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच निघालं.

"पायथ्याला हाय, पडलं तं खाली पडल. आनि नऊवारीचा काठ हाय, तुजा बाप त्याच नऊवारीच्या झोळीत झुलला. तुटतोय?"

अक्षयने आत्यांकडे बघितलं, आईकडे बघितलं, शेवटी बापाकडे. सासरे कडीकडे बघत होते.

"निजलेली असली की हात नाय लावायचा," अक्षय हळूहळू म्हणाला, जणू गणित मांडतोय, "आणि उठली की पाळणा रिकामा. मग काढायचं कधी?"

आत्यांनी विचार केला. प्रश्न त्यांना रास्त वाटला असावा. "पोरगी चालाया लागली, पाळना उतरवला, की काढ. आनि तवर दुसरं आलं तं मंग त्याच्यानंतर."

सुरज दुपारच्या एसटीने गेला. मुखपृष्ठावर म्हणे बदलापूरच्या कुणाचा तरी रणगाडा आला. अक्षयने तो अंक उघडलाही नाही. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मला ते ध्यानात यायला दोन दिवस लागले, कारण मी झोपले होते.

आता पंखा चारवर असतो. पण वेगळीच पंचाईत झाली. सासूबाई पाळण्याला झोका देतात तो जात्याला द्यावा तसा, मग विमान साखळीवर आदळतं, ठण्ण. पहिल्यांदा तसा आवाज झाला तेव्हा अक्षय जेवणावरून उठून आला. "आई, हळू! पेंट जाईल!" दुसऱ्या दिवशी परत तसंच. तिसऱ्या दिवशी त्याने आईच्या हातातून दोरी काढून घेतली. "राहू दे. मी देतो."

तेव्हापासून झोका तोच देतो. कामावरून आला की हातपाय धुऊन दोरी धरतो. एका मापाचा, सपाट, काठोकाठ भरलेली कळशी न्यावी तसा झोका, कारण मिग साखळीला लागता कामा नये. असा झोका घरात कुणालाच जमत नाही. लेकीनेही ते ओळखलंय. संध्याकाळी आता तिला दुसऱ्या कुणाचा झोका चालत नाही, मी दोरी धरली तर रडते. माझ्या हातांचा असा अपमान कुणी केला नव्हता. ज्या बापाला तिच्या मानेची भीती वाटत होती, त्याला ती बिब्बा लटकवलेल्या लढाऊ विमानापायी मिळाली. आणि हे तिला मी कधी सांगणार नाही.

परवा संध्याकाळी ती झोपेतून दचकून उठली. मी स्वयंपाकघरात होते. ओरडणार होते, की येते, थांब. पण दारातून दिसलं, त्याने दोरी सोडली, वाकला, एक तळवा तिच्या पोटाखाली घातला, दुसरा मागे, श्वास रोखला, आणि उचललं. जसं विमान उचलायचा, अगदी तसंच. नाक जरा वर.

हातमोजे कुठे गेले, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. नाही विचारलं. कितीतरी महिन्यांनी माझा चहा गरम होता.